चंद्रपूर ते मेंढा : एका सुपाची गोष्ट

दोस्तांनो, तुमच्या घरी सूप आहे का? वाटीतून भुर्रकन प्यायचं सूप नव्हे, धान्य पाखडायचं सूप! आईला विचारा. असेल तर बहुधा प्लॅस्टिकचं असेल. लाल, निळं किंवा पोपटी. आमच्याकडेही तसंच होतं. मागच्या उन्हाळ्यात त्याचा कडेचा तुकडा निघाला, म्हणून मी नवं आणायला बाजारात गेलो. प्लॅस्टिकचं सूप होतं सत्तर रुपयांना. शेजारच्या दुकानात बांबूचं होतं, ते दुपटीहून महाग. बरोबर माझा पुतण्या होता, सातवीतला. तो म्हणाला, "काका, बांबू तर जंगलात आपोआप उगवतो. प्लॅस्टिकला कारखाना लागतो. मग बांबूचंच महाग का?"

मला उत्तर येईना. तुम्हाला येतंय? नाही ना? मग पिशवीत पाण्याची बाटली टाका, डोक्याला रुमाल बांधा आणि चला माझ्याबरोबर एस.टी.त. बांबूच्या मुलखात जाऊनच विचारू.

आपण पहिल्यांदा उतरणार चंद्रपूरला. देशातल्या सगळ्यांत जास्त तापणाऱ्या शहरांमध्ये याचं नाव असतं, म्हणून तो रुमाल! गावाला गोंड राजांनी बांधलेला परकोट आहे, मोठमोठ्या वेशी आहेत, महाकालीचं देऊळ आहे. ते सगळं सावकाश बघा. मला तुम्हाला आधी दाखवायच्या आहेत त्या उत्तरेकडच्या उंच चिमण्या. चिवचिवणाऱ्या नव्हेत, धूर सोडणाऱ्या. हे चंद्रपूरचं महाऔष्णिक वीज केंद्र. १९८३ साली इथला पहिला संच सुरू झाला. आज इथली क्षमता २९२० मेगावॅट आहे. मुंबई-पुण्याकडच्या तुमच्या घरात पंखा फिरतो ना, त्यातल्या काही फेऱ्या इथल्या असतात बरं का.

जरा गणित करू. सगळे संच पूर्ण जोरात चालले, तर एका तासात २९ लाख २० हजार युनिट वीज तयार होते. एका युनिटला आपल्याकडचा कोळसा लागतो साधारण सातशे ग्रॅम. म्हणजे तासाला दोन हजार टन! वीस टनांचा एक ट्रक धरला तर दर तासाला शंभर ट्रक. आणि आपल्या कोळशात राख फार. जळालेल्या कोळशातला जवळजवळ तिसरा हिस्सा राख म्हणून मागे उरतो. तिचं काही सिमेंट होतं, काहीच्या विटा होतात, बाकीची साठवून ठेवावी लागते.

ही वीज स्वस्त म्हणतात. पण केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने २००९ साली देशातल्या औद्योगिक भागांना प्रदूषणाचे गुण दिले, तेव्हा चंद्रपूरला शंभरातले ८३.८८ मिळाले आणि ते देशात चौथं आलं. परीक्षेत असे गुण मिळाले असते तर पेढे वाटले असते! इथल्या खोकल्याच्या औषधाची बाटली लाइटबिलात लिहिलेली नसते. ती ज्याची त्याने वेगळी विकत आणायची.

धुरातला गंधकाचा विषारी वायू धुऊन काढणारी यंत्रणा बसवता येते. २०१५ साली तसे नियमही झाले. पण यंत्रणेला खर्च येतो आणि मग प्रत्येक युनिट थोड्या पैशांनी महाग होतं. मुदत वाढत वाढत गेली, आणि २०२५ च्या जुलैमध्ये देशातल्या बहुतेक केंद्रांना त्यातून सूट मिळाली. जास्त प्रदूषित शहरांच्या दहा किलोमीटरच्या आतल्या केंद्रांचं मात्र एकेक प्रकरण तपासून ठरवायचं आहे. म्हणजे प्रश्न तोच, सुपाचा. चांगल्या वस्तूला जे जास्तीचे पैसे पडतात, ते द्यायचे कुणी?

चला, गाडी लागली. चंद्रपूर-गडचिरोली. खिडकीपाशी बसा.

गाव मागे पडलं की दोन्ही बाजूंना सागाचं रान लागतं. मूलच्या रस्त्यावर चिचपल्ली येतं. इथे सरकारचं बांबू संशोधन आणि प्रशिक्षण केंद्र आहे. बांबूपासून वस्तू करायला तिथे शिकवतात. बांबूचे दात घासायचे ब्रशही तुम्ही हल्ली पाहिले असतील. त्यांची एक गंमत सांगू? दांडी बांबूची असली तरी पुढचे केस बहुतेक वेळा नायलॉनचेच असतात. खोक्यावर हिरवं पान छापलंय म्हणजे आतलं सगळं हिरवं, असं समजून जास्तीचे पैसे देऊ नका. मी एकदा दिले आहेत.

पुढचं गाव मूल. हो, गावाचं नावच मूल आहे! इथे आपण उतरायचं, कारण बाजारात एक मावशी सुपं, टोपल्या, परड्या मांडून बसल्या होत्या. जातीने बुरूड, म्हणजे पिढ्यान्‌पिढ्या बांबूकाम करणाऱ्या. मी एक सूप उचललं, उलटसुलट करून पाहिलं.

"केवढ्याला मावशी?"

"दीडशे, भाऊ."

"एकशे दहा घ्या."

मावशी हसल्या. म्हणाल्या, "प्लॅस्टिकवाल्याच्या दुकानात असंच म्हणता का जी?"

आता काय सांगू तुम्हाला! नाही म्हणत. प्लॅस्टिकच्या सुपावर किमतीची चिठ्ठी चिकटवलेली असते, आपण मुकाट्याने पैसे देतो. शेवटी एकशे तीसला सौदा झाला. मी खाली बसलो आणि पुतण्याचा प्रश्न विचारला. मावशींनी उत्तर दिलं नाही, काम करून दाखवलं. बांबू उभा चिरायचा. त्याच्या कामट्या काढायच्या. कामटीची पाठ आणि पोट वेगळं करायचं, कारण पाठ चिवट असते. मग कोयत्याने तासून कागदासारख्या पातळ पट्ट्या करायच्या. बोटांवर जुन्या-नव्या चिरा दिसतच होत्या. मग विणायचं, कडेला जाड काठी बांधायची. दिवसभर हात चालला तर चार सुपं होतात, फार तर पाच. बाजाराचा दिवस त्यातून वजा. एस.टी.चं तिकीट वजा. बांबूची किंमत वजा.

"आणि बांबू मिळतो का?" मी विचारलं.

"मिळते. पण पाह्यजे तसा लांब पेराचा नाई मिळत. आमच्या सासऱ्याच्या टायमाले जंगल भरून होता म्हणत."

मग तो गेला कुठे? त्याचं उत्तर पुढच्या गावात आहे. चला.

सावली मागे टाकली की वैनगंगेचा लांबलचक पूल लागतो. पलीकडे गडचिरोली जिल्हा. १९८२ सालापर्यंत हा चंद्रपूरचाच भाग होता. जिल्ह्याच्या दोन तृतीयांशाहून जास्त जमिनीवर जंगल आहे. गडचिरोलीला गाडी बदलून धानोऱ्याच्या रस्त्याला लागलं की, धानोरा यायच्या थोडं अलीकडे, मेंढा नावाचं छोटंसं गोंड गाव आहे. शेजारी लेखा गाव, म्हणून सगळे त्याला मेंढा-लेखा म्हणतात. शंभराच्या आसपास घरं, मातीच्या स्वच्छ सारवलेल्या भिंती, अंगणात मोहाची फुलं वाळत घातलेली. फुलांचा तो गोडसर वास पहिल्यांदा आला की नाक मुरडाल, दुसऱ्या दिवशी आवडायला लागेल. बऱ्याच घरी गोबरगॅस आहे. गावाचा कारभार ग्रामसभा बघते आणि निर्णय सगळ्यांचं एकमत झालं तरच होतो. एक जण जरी नाही म्हणाला तरी विषय पुढच्या सभेला. तुमच्या वर्गाची सहल कुठे न्यायची, हे असं ठरवून पाहा बरं!

आता बांबूची गोष्ट ऐका. तुमच्या आईबाबांच्या, आजीआजोबांच्या वह्या ज्या कागदाच्या होत्या, त्यातला पुष्कळसा कागद बांबूच्या लगद्यापासून व्हायचा. म्हणून सरकारने वर्षानुवर्षांच्या करारांनी जंगलांतला बांबू कागद गिरण्यांना देऊन टाकला होता. इकडच्या जंगलातला बल्लारपूरच्या गिरणीला. आणि दर? शेजारच्या कर्नाटकातलं उदाहरण पर्यावरणशास्त्रज्ञ माधव गाडगीळ यांनी लिहून ठेवलं आहे. तिथल्या दांडेलीच्या गिरणीला १९५८ च्या सुमारास बांबू मिळत होता टनाला फक्त दीड रुपयाने! एक टन म्हणजे हजार किलो, बरं का. आणि टोपल्या विणणाऱ्यांना बाजारात तोच बांबू हजारांच्या भावाने घ्यावा लागत होता.

आलं लक्षात? आपली वही स्वस्त होती, कारण बांबू जवळजवळ फुकट होता. फुकटच्या वस्तूची काळजी कोण घेतं? कसाही तोडला, कोवळा-जून बघितला नाही, बेटंच्या बेटं खलास झाली. वहीच्या किमतीतले राहिलेले पैसे मूलच्या मावशींच्या सासऱ्यांनी भरले. त्यांना ना कुणी विचारलं, ना पावती दिली.

मेंढ्याच्या लोकांनी हे ओळखलं होतं. त्यांनी आपलं जंगल गिरणीला द्यायला विरोध केला, स्वतःच राखायला सुरुवात केली. गावातले देवाजी तोफा आणि चंद्रपूरचे मोहन हिराबाई हिरालाल यांची नावं या कामाशी कायमची जोडली गेली आहेत. २००६ साली वनहक्क कायदा झाला आणि २००९ मध्ये मेंढ्याला सुमारे १८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला. असा हक्क मिळालेल्या देशातल्या अगदी पहिल्या गावांपैकी हे एक.

पण हक्काचा कागद मिळाला तरी बांबू विकता येईना! कारण जंगलातून माल बाहेर न्यायला वाहतूक परवाना लागतो आणि तो वनखात्याकडे. खातं म्हणे, बांबू हे झाड आहे, म्हणून तो इमारती लाकडात मोडतो. गाव म्हणे, कायद्यात बांबू गौण वनोपजात लिहिला आहे. (तुमच्या शास्त्राच्या बाईंना विचाराल तर त्या सांगतील की बांबू हे गवत आहे. गव्हाचा, उसाचा चुलत भाऊ.) शेवटी २७ एप्रिल २०११ रोजी त्या वेळचे केंद्रीय पर्यावरणमंत्री जयराम रमेश स्वतः मेंढ्याला आले आणि परवान्याचं पुस्तक ग्रामसभेच्या हाती दिलं. परवान्यावर सही आता गावाची! त्यानंतरच्या हंगामात बांबूविक्रीतून गावाकडे कोटीच्या घरात रक्कम आली. तोच बांबू, तेच जंगल.

मात्र हा बांबू महाग पडतो, हे खरं आहे. का, ते बांबूच्या बेटापाशी उभं राहून बघा. इथला बांबू बहुतेक मानवेल जातीचा, जवळजवळ भरीव. पावसाळ्यात जमिनीतून नवे कोंब फुटतात. त्यांना इकडे वास्ते म्हणतात, भाजी फार छान होते. त्या कोंबाचा पक्का बांबू व्हायला तीन-चार वर्षं लागतात. नीट तोडणी करायची तर फक्त जून बांबू तोडायचा, आणि तो असतो नेमका बेटाच्या मध्यभागी. बाहेरून कोवळे उभे! म्हणजे हात आत घालून, ओरखडे सोसून एकेक काढायचा. आडवा कोयता चालवून सगळं बेट सपाट करणारा माणूस दिवसाला त्याच्या कितीतरी पट माल काढेल. जास्तीचे पैसे म्हणजे हा जास्तीचा वेळ. शिवाय मजुरी पूर्ण द्यायची, आगीवर पाळत ठेवायची, आणि मिळालेल्या पैशांतला काही वाटा गावकोषात टाकायचा. पुढच्या दहा वर्षांनी फळ देणाऱ्या जंगलात आज पैसे घालणं, म्हणजे गुंतवणूकच की ही! बँकेच्या पाटीवर याचा व्याजदर लिहिलेला नसतो, एवढाच फरक.

मधाचंही असंच. मोठ्या झाडांवर, कड्यांवर आग्या मोहोळाची पोळी लोंबतात. पूर्वी रात्री मशाल पेटवून माश्या जाळायच्या, पोळं सगळंच्या सगळं कापायचं आणि पिळायचं. मधाबरोबर माश्यांची अंडी, अळ्याही पिळल्या जायच्या. ईऽऽ करू नका, तुमच्या बाटलीत ते गाळून यायचं! नव्या पद्धतीत अंगभर जाळीचा पोशाख घालून वर चढतात. पोळ्यात मध एका कोपऱ्यात असतो आणि पिल्लं दुसरीकडे. फक्त मधाचा भाग कापून घ्यायचा. माश्या वाचतात आणि तोच कोपरा पुन्हा भरतात. मेंढ्याच्या लोकांनी ही पद्धत शिकून घेतली. पोशाख, दोर, शिकण्याचे दिवस, सगळ्याला खर्च आहे. म्हणून बाटली महाग. पण पुढच्या खेपेला त्याच झाडावर पोळं असतं.

परतताना आपण वेगळ्या वाटेने जाऊ. गडचिरोलीहून चामोर्शी, आष्टी, पुन्हा वैनगंगा ओलांडून गोंडपिपरी. या रस्त्यावर सुरजागडकडून येणारे लोहखनिजाचे ट्रक लागतात, तेव्हा खिडकी लावून घ्या. गोंडपिपरी तालुक्यातलं पाचगाव मला तुम्हाला दाखवायचंच आहे, कारण इथल्या लोकांनी जे केलं ते माझ्याच्याने झालं नसतं.

या भागात उन्हाळ्यात तेंदूपानं तोडतात, विडीसाठी. सत्तर पानांचा एक पुडा. मे महिन्यात हातात रोख पैसा देणारं दुसरं काम जवळपास नसतं. वर्षाची उधारी फिटते, वह्या-पुस्तकं येतात, ती या पैशांतून. पण कोवळी पानं भरपूर यावीत म्हणून झुडपं छाटतात आणि कधी कधी रानाला आगही लावतात. मग झाडाला फळं धरत नाहीत, खाली पडलेलं बी जळून जातं. पाचगावला २०१२ मध्ये हजारएक हेक्टर जंगलाचा हक्क मिळाला, तेव्हा ग्रामसभेने ठरवलं की तेंदूपानं तोडायची नाहीत. हातातोंडाशी आलेला पैसा सोडला! त्यांना बांबूचा आधार होता, हे विसरू नका. त्याच्या विक्रीतून गावातच मजुरी मिळू लागली. ती नसती तर कुठल्याच गावाने हे करावं, असं म्हणायला मी धजणार नाही.

मग पर्यावरणाला चांगली असलेली प्रत्येक वस्तू कायमची महागच असते का? नाही, दोस्तांनो! तुमच्या डोक्यावरचा एल.ई.डी. दिवा बघा. २०१४ च्या सुरुवातीला सरकारी खरेदीत असा एक दिवा ३१० रुपयांना पडत होता. २०१६ मध्ये तो ३८ रुपयांवर आला. सूर्यापासून केलेली वीज २०१० च्या सुमारास युनिटला दहा रुपयांच्या वर होती. २०१७ मध्ये राजस्थानात भडला इथे बोली लागली २ रुपये ४४ पैशांची. रात्री सूर्य नसतो, वीज साठवायला पुन्हा खर्च येतो, हे आहेच. पण भाव उतरला कसा? जर्मनीसारख्या देशांनी २००० सालापासून जास्त दराने ही वीज विकत घेण्याचा कायदा केला, म्हणून कारखाने वाढले आणि पुढे सगळ्यांना स्वस्त मिळाली. पहिल्यांदा कुणीतरी जास्तीचे पैसे मोजले होते.

सुपाचं तसं होणार नाही. कारखान्यात दिवसाला लाख दिवे करता येतात, पण मावशींचे हात दोनच आहेत. उद्या शंभर माणसं सूप मागायला आली तरी ते सत्तर रुपयांना होणार नाही, आणि होऊही नये.

आणि आणखी एक फरक. घरावर सौर पॅनेल बसवायचं तर २०२४ मध्ये सुरू झालेल्या केंद्राच्या योजनेत तीन किलोवॅटला ७८ हजार रुपये अनुदान आहे. पण वरचे पैसे आपलेच, आणि तेही आधी. पुढच्या पंचवीस वर्षांची वीज आज विकत घेतल्यासारखं ते आहे. ज्याच्याकडे पुढच्या महिन्याचे पैसे नाहीत, त्याने काय करायचं?

कोठारी गेलं, बल्लारपूर आलं. उजाडल्यापासून फिरतो आहोत, तुमचे डोळे मिटायला लागले असतील. पण चंद्रपूर जवळ आलं की जागे व्हा आणि पलीकडे बघा. चिमण्यांवरचे लाल दिवे लुकलुकतात, आणि खाली सगळं शहर उजेडात न्हालेलं. दिसतं सुंदरच, खोटं कशाला बोलू!

घरी आल्यावर मी पुतण्याला सूप दाखवलं आणि सगळी गोष्ट सांगितली. त्याने ऐकून घेतलं आणि विचारलं, "मग तू एकशे तीसच का दिलेस?"

दुसऱ्या दिवशी आमच्याकडे धुणीभांडी करणाऱ्या ताई आल्या. त्यांनी सूप हातात घेतलं, मूठभर तांदूळ टाकून असे झरझर पाखडले की कोंडा एकीकडे आणि तांदूळ एकीकडे. "प्लॅस्टिकवर तांदूळ घसरतात," त्या म्हणाल्या, "याच्यावर कसे धरून राहतात बघा. केवढ्याला?" मी किंमत सांगितली. त्यांनी सूप पुसलं, भिंतीला टेकवून ठेवलं आणि भांडी घासायला घेतली.

येत्या दिवाळीनंतर मी पुन्हा त्या बाजूला जाणार आहे. मूलला उतरून दोन सुपं घेईन. मावशींचे मागचे वीस रुपयेही द्यायचे आहेत. त्या ते घेतील की हसतील, ते परत आल्यावर कळवतो.